कुत्र्याला परदेशी न्यायचंय? आधी चिप, मग लस, आणि तिकीट सगळ्यात शेवटी

जर्मनीतली नोकरी पक्की होते, व्हिसा येतो, निघायला दीड महिना उरतो आणि तेव्हा कुठे प्रश्न पडतो की कुत्र्याचं काय करायचं. तोवर उशीर झालेला असतो. भारतातून युरोपात कुत्रा किंवा मांजर न्यायला अगदी सगळं सुरळीत झालं तरी चार महिने लागतात. ही मुदत कुठल्याही एजंटला जादा पैसे देऊन कमी होत नाही. म्हणून विमान कंपनीचे नियम वाचण्याआधी कॅलेंडर उघडा. परदेशी जायचं नुसतं डोक्यात असेल तरी चिप आणि रक्ततपासणी आजच करून टाका. न जाणं झालं तर फार काही बिघडत नाही. जायची वेळ आली आणि हे झालेलं नसेल, तर मात्र जनावर मागे राहतं, आणि ते त्याला सोसत नाही.

क्रम असा: आधी मायक्रोचिप, मग रॅबीजची लस, मग टायटर टेस्ट म्हणजे रक्ततपासणी. चिप १५ अंकी, आयएसओ मानकाची हवी. लस चिपच्या नंतर किंवा त्याच दिवशी, पण चिप बसवल्यावरच टोचलेली हवी. आदल्या वर्षी लस घेतली आणि चिप आत्ता बसवली, तर युरोपच्या लेखी ती लस झालेलीच नाही, कारण ती नेमक्या याच कुत्र्याला दिली हे कशावरून सांगणार? अशा वेळी पुन्हा टोचावं लागतं आणि सगळे दिवस नव्याने मोजावे लागतात. लस टोचण्याआधी व्हेटला स्कॅनर फिरवून नंबर वाचायला सांगा आणि तो कार्डावर लिहून घ्या. चिप कधीकधी मानेवरून खांद्याकडे सरकते. ती वाचता येतेय ना, हे घरच्या व्हेटकडेच कळलेलं बरं.

लसीच्या कार्डाकडे बारकाईने पाहा. बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर चिकटवलेला हवा, त्याखाली व्हेटची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहून घ्या. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, यावर परदेशातल्या काउंटरवर वाद घालायची वेळ येऊ नये.

रॅबीजच्या बाबतीत युरोपीय संघाच्या सुरक्षित देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून टायटर टेस्ट लागते. लसीमुळे रक्तात पुरेशी प्रतिपिंडं तयार झाली का, हे ती मोजते. निकाल ०.५ आययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त यायला हवा. रक्त लस दिल्यापासून किमान ३० दिवसांनी काढायचं आणि सीरम युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच पाठवायचं. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. मोजणी रिपोर्टच्या नव्हे, रक्ताच्या तारखेपासून होते. १ जानेवारीला चिप आणि लस झाली, ३१ जानेवारीला रक्त काढलं, तर ३० एप्रिलच्या आधी युरोपात पाऊल ठेवता येत नाही. पिल्लाला पहिली लस १२ आठवड्यांआधी चालत नाही, त्यामुळे पिल्लू साधारण सात महिन्यांचं होईपर्यंत युरोपाचा विचारच नको.

यात एक दिलासा आहे. टायटर एकदा पास झाली आणि त्यानंतर बूस्टर एकदाही चुकला नाही, तर युरोपासाठी ती आयुष्यभर चालते. पण बूस्टर मुदतीनंतर एक दिवस जरी उशिरा झाला, तरी तो पहिला डोस धरला जातो आणि टायटर नव्याने करावी लागते. बूस्टर मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच देऊन टाका.

अमेरिकेचं गणित वेगळं आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे नवे नियम लागू आहेत आणि भारत त्यांच्या रॅबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत मोडतो. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, सीडीसीचा ऑनलाइन फॉर्म भरलेला हवा आणि परदेशी लसीचं प्रमाणपत्र सरकारी पशुवैद्यकाच्या सही-शिक्क्याचं हवं. इथे रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं चालतं. प्रयोगशाळा मात्र सीडीसीच्या यादीतलीच हवी. टायटर नसेल तर कुत्र्याला उतरल्यावर २८ दिवस क्वारंटाइन, तेही तुमच्या खर्चाने.

बहुतेकांचं बुकिंग इथेच चुकतं. भारतात लस घेतलेल्या कुत्र्याला अमेरिकेत कुठल्याही विमानतळावर उतरता येत नाही. सीडीसीने मान्य केलेलं प्राणी देखभाल केंद्र जिथे आहे तिथेच उतरावं लागतं, आणि त्या केंद्रात तपासणी व लसीसाठी आगाऊ बुकिंग करावं लागतं. नियम आले तेव्हा यादीत सहा विमानतळ होते: न्यू यॉर्कचा जेएफके, वॉशिंग्टनचा डलेस, फिलाडेल्फिया, अटलांटा, मायामी आणि लॉस एंजेलिस. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या माणसांना मुंबई-नेवार्क थेट विमान सोयीचं वाटतं, पण नेवार्क त्या यादीत नव्हता, आणि शिकागो व सॅन फ्रान्सिस्कोही नव्हते. अमेरिकेच्या भूमीवर पहिलं पाऊल जिथे पडणार तो विमानतळ यादीतला हवा. यादी बदलू शकते, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी सीडीसीच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. मांजरांना हे नियम लागू नाहीत. त्यांच्यासाठी सीडीसी रॅबीजचं प्रमाणपत्र मागत नाही, मात्र ज्या राज्यात जायचंय तिथले आणि विमान कंपनीचे नियम वेगळे असू शकतात.

ब्रिटनमध्ये विमानाने येणारं जनावर, मदतनीस कुत्रे सोडले तर, मॅनिफेस्ट कार्गो म्हणजे नोंद केलेला माल म्हणूनच यावं लागतं. ते ना केबिनमध्ये चालतं, ना तुमच्या सामानात. त्यामुळे लहान कुत्रा असलेले बरेच जण पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत केबिनमधून नेतात आणि पुढे गाडीने, बोटीने किंवा समुद्राखालच्या युरोटनेल रेल्वेने जातात. मग युरोपीय संघाची आणि ब्रिटनची अशी दोन्ही कागदपत्रं लागतात, शिवाय कुत्र्याला ब्रिटनमध्ये शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पट्टकृमीचं औषध व्हेटने देऊन वेळेसह नोंद केलेली लागते. बोट तीन-चार तास लांबली तरी ही मुदत चुकू नये इतकी मोकळीक ठेवा.

आता विमानाकडे येऊ. जनावर तीन प्रकारे जातं: पायाशी पिशवीत म्हणजे केबिनमध्ये, तुमच्याच विमानात चेक-इन सामान म्हणून होल्डमध्ये म्हणजे विमानाच्या सामानकक्षात, किंवा स्वतंत्र कार्गो म्हणून. विमान कंपनीच्या भाषेत पहिल्याला पीईटीसी आणि दुसऱ्याला एव्हीआयएच म्हणतात. कॉल सेंटरला हे कोड सांगितले की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. लुफ्तान्साची केबिनची मर्यादा पिशवीसकट ८ किलो आहे आणि बऱ्याच युरोपीय कंपन्या त्याच आसपास आहेत. एमिरेट्स केबिनमध्ये कुत्रा-मांजर घेत नाही. देशांतर्गत प्रवासात इंडिगो सेवा-श्वानांखेरीज प्राणी नेत नाही, एअर इंडिया नेते, आणि अकासाने नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली. देशातल्या देशात मोठा कुत्रा न्यायचा असेल तर रेल्वेचा एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे अनेकदा विमानापेक्षा बरा पडतो, कुत्र्यालाही आणि खिशालाही.

एका विमानात मोजकीच जनावरं घेतात. म्हणून आधी फोन करून जागा आहे का विचारायचं, मग स्वतःचं तिकीट काढायचं आणि लगेच जनावराची नोंद तिकिटाशी जोडून लेखी होकार घ्यायचा. जनावराचं भाडं तिकिटात धरलेलं नसतं, आणि केबिनमध्ये नेलं तरी तुमच्या मोफत सामानात ते बसत नाही. शक्यतो एकच कंपनी, एकच पीएनआर ठेवा. मधे कंपनी बदलली की पहिलीचा होकार दुसरीला बांधील नसतो.

होल्ड म्हणजे काळोखी, गारठलेली कोठडी, अशी अनेकांची समजूत असते. ज्या होल्डमध्ये प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तापमान राखलेलं असतं. खरा धोका जमिनीवर असतो, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या उघड्या जागेत, ट्रॉलीत उभं राहणं. कडक उन्हाळ्यात काही कंपन्या होल्डमध्ये प्राणी घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. मुंबईहून रात्रीचं विमान निवडा, आणि मधला थांबा आखातात असेल तर तिथेही विमान रात्रीच उतरेल असं पाहा.

पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर आणि पर्शियन मांजरं यांचा प्रश्न सगळ्यात अवघड. कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. चपट्या नाकाच्या जनावराची श्वासनलिका आधीच अरुंद, त्यामुळे उकाड्यात आणि भीतीत ती पुरी पडत नाही. म्हणून अनेक कंपन्या त्यांना होल्डमध्ये नाकारतात. आपल्याकडचे बरेच पग नको तितके जाड असतात. पिशवीसकट ८ किलोत बसेल इतकं वजन व्हेटच्या सल्ल्याने सहा महिन्यांत उतरवलं, तर तोच पग केबिनमध्ये तुमच्या पायाशी जाऊ शकतो.

क्रेटचं म्हणजे प्रवासी पिंजऱ्याचं माप आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाइव्ह ॲनिमल्स रेग्युलेशन्सप्रमाणे घ्यायचं. कुत्रा सरळ उभा करा आणि चार मापं घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून कोपरापर्यंत पायाची उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून डोकं किंवा उभा कान यांपैकी जे उंच असेल तिथपर्यंत उंची. क्रेटची आतली लांबी म्हणजे अंगाची लांबी अधिक पायाच्या उंचीचा अर्धा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट, आणि उंची म्हणजे उभ्या कुत्र्याची उंची अधिक अंथरुणाची जाडी. चपट्या नाकाच्या जातींना प्रत्येक माप दहा टक्क्यांनी वाढवा. कुत्रा न वाकता उभा राहिला, वळला आणि पाय पसरून झोपला पाहिजे. यात तडजोड केली तर काउंटरवर परत पाठवतात, आणि पाठवायलाच हवं.

समजा आपला देशी कुत्रा १८ किलोचा आहे. लांबी ७५ सेंटीमीटर, कोपर ३२, खांदे २०, कानापर्यंत ६०. म्हणजे आतून ९१ लांब, ४० रुंद आणि अंथरूण धरून साठच्या वर उंच क्रेट लागणार. हिशेबापुरता क्रेट ९१ × ६४ × ६९ धरू. कार्गोत वजन नुसतं काट्यावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ६,०००ने भागतात. ते आलं ६७ किलो. काट्यावर कुत्रा आणि क्रेट मिळून २९ किलो भरले तरी पैसे ६७ किलोंचे. दर किलोला ४०० रुपये धरला तर ११,६०० नव्हे, २६,८०० रुपये. वर जिवंत प्राण्यांचा दर बहुधा साध्या मालापेक्षा चढा असतो. पैसे बाहेरच्या मापांवर लागतात आणि ती आतल्यापेक्षा थोडी जास्तच असतात, म्हणून दुकानात आतली आणि बाहेरची दोन्ही विचारा. एजंटचं कोटेशन आलं की त्यात व्हॉल्यूमेट्रिक म्हणजे असं मापांवरून काढलेलं वजन किती धरलंय ते वेगळं लिहून मागा.

क्रेटचे दोन भाग प्लास्टिकच्या क्लिपांनी नव्हे, धातूच्या नट-बोल्टने जोडा. दार धातूचं, हवा चारही बाजूंनी, चाकं काढलेली. पाण्याची वाटी दाराला आतून अशी अडकवा की दार न उघडता बाहेरून पाणी ओतता येईल. आदल्या रात्री वाटीत बर्फ गोठवून ठेवला तर चढवताना पाणी सांडत नाही आणि हळूहळू वितळत राहतं. क्रेट किमान महिनाभर आधी घरात आणा, दार उघडं ठेवा, जेवण त्यातच द्या.

झोपेचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब आणि श्वास दोन्ही उतरतात, तोल जातो, आणि होल्डमध्ये बघायला कोणी नसतं. गुंगीतलं जनावर दिसलं तर कंपनी घेतही नाही.

शेवटचे दहा दिवस कागदांचे. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र सही झाल्यापासून दहा दिवसांत तिथे पोहोचेपर्यंत चालतं. ते एक्यूसीएस म्हणजे केंद्र सरकारच्या पशु क्वारंटाइन सेवेकडून घ्यायचं. तिची केंद्रं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद इथे आहेत. नागपूर, कोल्हापूर किंवा पणजीच्या माणसाने यासाठीचा प्रवास आणि मुक्काम धरून ठेवावा. मध्ये शनिवार-रविवार आणि सणाची सुट्टी येते का पाहा. गणपतीच्या आठवड्यात निघणारे इथे हमखास अडकतात. सही आणि शिक्का छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगात हवा, म्हणून निळं पेन सोबत न्या. प्रत्येक पानावर चिपचा नंबर तोच आहे ना, हे कार्यालयातून बाहेर पडण्याआधी अंक न् अंक ताडून पाहा. मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका, नाहीतर तो व्यापारी माल धरला जातो आणि नियम बदलतात.

विमानतळावर क्रेट एक्स-रेमधून जातो आणि कुत्र्याला बाहेर काढतात. म्हणून हार्नेस आणि पट्टा हातात ठेवा, आणि दार पक्कं करायला केबल टाय खिशात असू द्या. कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात क्रेटवर चिकटवा, मूळ कागद तुमच्याकडे ठेवा.

फ्रँकफर्टला उतरल्यावर कस्टम्सच्या हिरव्या नव्हे, लाल चॅनेलमधून जा. तिथे चिप स्कॅन करतात आणि कागद पाहतात. पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, स्टॅफर्डशायर बुल आणि बुल टेरियर या जाती जर्मनीत आणायला बंदी आहे, हे ज्यांच्याकडे असा कुत्रा आहे त्यांनी नोकरी स्वीकारतानाच ध्यानात घ्यावं. बाकीच्यांनी नव्या शहरात पत्त्याची नोंदणी झाली की कुत्र्याच्या कराचीही नोंदणी करावी. हा कर शहरागणिक वेगळा असतो, आणि दुसऱ्या कुत्र्याला बहुतेक ठिकाणी पहिल्यापेक्षा जास्त पडतो.