तुम्ही विचारलंत म्हणून: वारीतले चेहरे

आषाढी जवळ आली की कुणीतरी विचारतंच, "वारीत एवढं फिरता, मग तुमच्या फोटोंत चेहरे का नसतात? रस्त्यावरच्या फोटोला कसली आलीय परवानगी?"

सासवडच्या मुक्कामात शाळेच्या व्हरांड्यात एक आजी झोपल्या होत्या. दिवेघाट चढून आलेल्या. तोंड उघडं, पदर ढळलेला, टाचांच्या भेगांत तेल भरलेलं, उशाशी तुळस. मी फोटो काढला आणि रात्रीच टाकला. चार दिवसांत त्यावर 'सुप्रभात' लिहून तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागला. कुणी तर त्यांच्या झोपेवर विनोदही केले. पुढच्या वर्षी त्याच दिंडीत आजी भेटल्या. गावातल्या पोरांनी फोटो दाखवला होता. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लेकरा, उठवलं असतंस तर पदर तरी घेतला असता."

रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी नाही, हे खरं. कॉपीराइटही सहसा फोटो काढणाऱ्याचाच, चेहरा ज्याचा त्याचा नव्हे. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई प्रमाणे कुणाच्याही अंगाचे खासगी भाग संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जागा सार्वजनिक होती, ही सबब तिथे चालत नाही. पहाटे टँकरपाशी बायका अंघोळ करत असताना लांब लेन्स रोखणारे मी पाहिलेत. मला त्यांची चीड येते.

खासगीपणा मूलभूत हक्क ठरला तो २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी खटल्यात. माणूस सार्वजनिक जागी आहे म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असं न्या. चंद्रचूड यांनी त्या निकालात लिहिलंय.

आजींचा फोटो ६६-ई मध्ये बसत नाही. म्हणून तर विचारायची जबाबदारी माझ्यावर येते. आता आधी विचारतो. विचारणं शक्य नसेल तर पावलं, पताका, पाठी. झोपलेल्या माणसावर कॅमेरा धरत नाही.

जुना फोटो मी काढून टाकला. फिरतोय तो फिरतोच आहे. पुढच्या वर्षी भेटल्या त्या दिवशी आजींनी तोंड धुतलं, बुक्का लावला, पदर सारखा केला, तुळस डोक्यावर घेतली आणि म्हणाल्या, "आता काढ." त्याची मोठी प्रत त्यांच्या घरी पोचवली. तो फोटो तुम्हाला कुठे दिसणार नाही. "भिंतीवर लावायला दे, मोबाइलात नको," असं त्यांनी बजावलंय.