एका मशीनवर तीन मायएसक्यूएल

तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच लिनक्स मशीनवर मायएसक्यूएल या डेटाबेसचे दोन-तीन सर्व्हर चालवता येतात का? येतात, आणि प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करावा लागत नाही. तो एकच राहतो. प्रत्येक इन्स्टन्सला, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक सर्व्हरला, मात्र स्वतःची डेटा डिरेक्टरी, पोर्ट (नेटवर्कवरून जोडायचा क्रमांक), सॉकेट (त्याच मशीनवरून जोडायची फाइल), पीआयडी फाइल (चालू प्रोसेसचा क्रमांक ठेवणारी) आणि एरर लॉग हवा. पहिला ३३०६ वर असेल, तर दुसरा ३३०७ वर टाका. मायएसक्यूएल ८.० पासून एक्स प्लगइन हा जोडणीचा दुसरा मार्ग आपोआप ३३०६० पोर्ट धरून बसतो. त्याचाही पोर्ट आणि सॉकेट बदला, नाहीतर तो बंद करा.

नवी डिरेक्टरी रिकामी ठेवून इनिशियलाइझ करा, म्हणजे सर्व्हरला तिच्यात सुरुवातीच्या फाइल्स तयार करू द्या. रूटचा (मुख्य युजरचा) तात्पुरता पासवर्ड एरर लॉगमध्ये मिळतो. जुन्या सर्व्हरची डिरेक्टरी कॉपी केली असेल, तर तिच्यातली ऑटो.सीएनएफ फाइल उडवा. त्या फाइलमध्ये सर्व्हरची यूयूआयडी, म्हणजे त्याची एकमेव ओळख, असते आणि दोघांची एकच राहिली की रेप्लिकेशन (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर उतरवणं) अडतं. मालकी, परवानग्या सगळं बरोबर असूनही सर्व्हर उठत नसेल, तर प्रोग्रॅमवर सुरक्षेचे निर्बंध घालणारे उबुंटूवरचं ॲपआर्मर आणि रेड हॅटवरचं एसईलिनक्स तपासा.

सगळ्यात घातक चूक क्लायंटच्या, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाजूला होते. होस्ट ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हेच मशीन), पोर्ट ३३०७ दिला, लॉगिनही झालं, आणि तुम्ही बसलात ३३०६ वर! लोकलहोस्ट म्हटलं की मायएसक्यूएलचा क्लायंट ठरलेली सॉकेट फाइल उघडतो, पोर्ट वाचूनही सोडून देतो, तक्रार करत नाही. टेस्टचं म्हणून टेबल ड्रॉप कराल आणि प्रॉडक्शनचं जाईल. म्हणून होस्टच्या जागी १२७.०.०.१ (याच मशीनचा आयपी पत्ता) लिहा किंवा सॉकेटचा पूर्ण पाथ द्या. आत गेल्यावर आधी सर्व्हरला त्याचं पोर्ट व्हेरिएबल विचारा, मगच कामाला हात घाला.

मेमरीचं गणित कागदावर मांडा. बफर पूलला (सर्व्हर डेटा मेमरीत ठेवतो ती जागा) ७५ टक्के रॅम, हा हिशेब मशीनवर एकटाच सर्व्हर असताना. १६ जीबीच्या मशीनवर दोघांना १२-१२ दिले तरी दोघंही बिनतक्रार सुरू होतात, कारण लिनक्स मेमरी मागताक्षणी नाही, वापरू लागल्यावर देतो. पूल भरत गेले की एके दिवशी ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा लिनक्सचा भाग, एकाला मारतो. तिघं असतील तर ४, २, २ जीबी पुरे; उरलेले ८ कनेक्शन्स, सॉर्ट, टेंपररी टेबल्स आणि ऑपरेटिंग सिस्टिमला लागतात. ‘डेडिकेटेड सर्व्हर’चा पर्याय तिघांतही बंद ठेवा, तो अख्ख्या मशीनची रॅम आपलीच समजून पूल ठरवतो.

सुरू-बंद करण्यासाठी प्रत्येकाचं वेगळं सिस्टमडी युनिट (लिनक्सच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीची सेटिंग फाइल) बनवा, त्यातच मेमरीची कमाल मर्यादा घाला. डिस्क तिघांची एकच असेल, तर रात्रीचे बॅकअप एकाच वेळी नको, १, २ आणि ३ वाजता लावा.