जहाज कोतोरला लागलं की कुठे जावं?

मॉन्टेनेग्रोतल्या कोतोर बंदराला पोचायच्या आदल्या संध्याकाळी जहाजावरच्या शोर एक्स्कर्शनच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या सहलींच्या, काउंटरपाशी नेहमी गर्दी असते. यादी लांबलचक असते: बुद्वा, स्वेती स्तेफान, त्सेतिन्ये, लोवचेनचा डोंगर, पेरास्त, स्पीडबोटीची सफर. वेळ मात्र जेमतेम आठ तासांचा, आणि मोठी जहाजं आखातात नांगर टाकून टेंडरने, म्हणजे जहाजाच्या छोट्या बोटीने, माणसं किनाऱ्यावर नेतात, त्यात तास-दीड तास जातो तो वेगळाच. माझं मत विचाराल तर या दिवसातला सगळ्यात देखणा कार्यक्रम त्या यादीत नसतोच. त्याला तिकीट नाही. पहाटे उठून, अंगावर जाड काही घेऊन डेकवर जायचं, एवढंच.

मॉन्टेनेग्रो म्हणजे जेमतेम सव्वासहा लाख लोकवस्तीचा देश. 2006 साली सार्वमत घेऊन तो सर्बियापासून वेगळा झाला. नकाशावर त्याचा किनारा फारसा लांब दिसत नाही, पण त्यात बोका कोतोर्स्का नावाचं जे आखात शिरलंय, त्यातून जहाज आत जायला चांगला वेळ लागतो. बरेच जण त्याला फ्योर्ड म्हणतात. खरं तर हिमनदीने कोरलेलं काही इथे नाही. नदीची दरी समुद्राखाली बुडून हे आखात झालंय. डाव्या हाताला हेर्त्सेग नोवीचे दिवे मागे पडतात, पाणी एकदा रुंद होतं, आणि मग दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ जवळ येत वेरिगेची सामुद्रधुनी लागते. ही जेमतेम साडेतीनशे मीटर रुंद आहे. आमचं जहाज चौदा मजली, आणि काठावरच्या घराच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे स्पष्ट दिसत होते. तिथून बाहेर पडलं की बोळ संपून अंगण लागावं तसं आतलं पाणी उघडतं. समोर दोन इवलीशी बेटं, त्यांच्यामागे पेरास्त गाव, आणि त्याच्यावर थेट पाण्यातून उठलेला करडा डोंगर. जहाज उजवीकडे वळून कोतोरकडे जातं. या वळणाच्या वेळी केबिनमध्ये झोपून राहू नका, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं.

या डोंगरांविषयी थोडं. हे सगळे चुनखडीचे. रिसान गावाच्या मागे क्रिव्होशिये भागात त्स्रक्वित्से नावाची जागा आहे, तिथे वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. युरोपातल्या सगळ्यात पावसाळी जागांत तिची गणना होते. आंबोलीच्या पावसावर वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून भारी वाटतं, पण इथे गंमत अशी की एवढं पाणी पडूनही डोंगर उघडेबोडके दिसतात. पाणी चुनखडीत मुरतं आणि खाली पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. कोतोरच्या तटाला दक्षिणेकडून गुर्दिच आणि उत्तरेकडून श्कुर्दा, असा दोन्हीकडून या पाण्याचा वेढा आहे. गावाला खंदक खणावा लागला नाही.

आम्ही गेलो तेव्हा आई बरोबर होती. तिचे गुडघे पायऱ्यांना कुरकुरतात, त्यामुळे बेत तिच्या बेताने आखलेला. टेंडरच्या धक्क्यावर हात द्यायला उभा असलेला क्रूचा मुलगा आमचं बोलणं ऐकून एकदम मराठीत म्हणाला, “आजी, सावकाश हां. पाय बघून ठेवा.” मालवणचा निघाला. या क्रूझ जहाजांवर गोव्याची आणि कोकणातली मुलं बरीच असतात; आईने त्याचं गाव, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं आणि मागची रांग खोळंबली. त्यानेच सांगितलं, “आधी पेरास्तला जा काकू, दुपारनंतर तिकडे बसेसची रीघ लागते.”

पेरास्त कोतोरपासून बारा किलोमीटरवर. टॅक्सीने पाण्याच्या काठाकाठाने वीसेक मिनिटं. गाव म्हणजे किनाऱ्याला समांतर एकच रस्ता आणि त्यावर जुन्या दर्यावर्दी घराण्यांचे दगडी वाडे, सोळा-सतरा. मध्ये सेंट निकोलसच्या चर्चचा 55 मीटर उंच मनोरा. आज गाव चिमुकलं आहे, पण व्हेनिसच्या राजवटीत इथल्या कप्तानांचा दरारा असा होता की रशियाच्या पीटर द ग्रेटने आपल्या सरदारांची मुलं नौकानयन शिकायला इथे मार्को मार्तिनोविचकडे पाठवली होती. व्हेनिसचं युद्धध्वज सांभाळण्याचा मान पेरास्तकरांकडे होता. 1797 साली व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडालं, तेव्हा यांनी तो ध्वज चर्चच्या वेदीखाली पुरला.

धक्क्यावर होड्या उभ्याच असतात. पाच मिनिटांत त्या दोन बेटांतल्या एकावर सोडतात. सुरूंसारख्या उंच सायप्रस झाडांचं ते सेंट जॉर्जचं बेट नैसर्गिक आहे आणि तिथे उतरू देत नाहीत. आपण जातो ते गोस्पा ओद श्क्रप्येला. हे बेट माणसांनी केलेलं आहे. कथा अशी की 22 जुलै 1452 रोजी दोघा भावांना इथल्या खडकावर मेरीमातेचं चित्र सापडलं. तेव्हापासून दर्यावर्दी सुखरूप परतले की या खडकापाशी दगड टाकू लागले, जुन्या होड्या दगडांनी भरून बुडवू लागले. खडकाचं बेट झालं, बेटावर देऊळ झालं. आजही दर वर्षी 22 जुलैला संध्याकाळी गावातले लोक होड्या एकमेकींना बांधून ओळीने येतात आणि दगड टाकतात. त्याला फाशिनादा म्हणतात. पाचशेहून अधिक वर्षं एखादं गाव समुद्रात दगड टाकत राहतं, ही गोष्ट मला कुठल्याही राजवाड्याहून मोठी वाटते.

आतलं चर्च लहान आहे, पण नजर ठरत नाही. भिंती आणि छत मिळून 68 तैलचित्रं, ती पेरास्तच्याच त्रिपो कोकोल्या या चित्रकाराची. चित्रांखाली भिंतीभर चांदीचे पत्रे ठोकलेले. नवस फेडायला खलाशांनी दिलेले. जवळ जाऊन पाहा: प्रत्येकावर एक गलबत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक गलबत संकटात आहे. शिडं फाटलेली, डोलकाठी मोडलेली, कुठे चाच्यांशी लढाई चाललेली. वरच्या कोपऱ्यात ढगातून मेरीमाता बघतेय. आई त्या पत्र्यांसमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “वाचलेल्यांचेच असणार हे सगळे.”

पण बेटावरची खरी वस्तू शेजारच्या संग्रहालयाच्या खोलीत आहे. यासिंता कुनिच-मिजोविच नावाच्या पेरास्तच्या बाईने भरतकामात केलेलं मेरीमातेचं चित्र. काचेत आहे, हातभर. सोन्याचा-चांदीचा धागा, रेशीम, आणि बालदेवदूतांच्या डोक्यावर तिचे स्वतःचे केस. समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत तिने हे काम 25 वर्षं केलं असं सांगतात. काचेला नाक लावून पाहिलं तर दिसतं: काही देवदूतांचे केस गडद आहेत, काहींचे पांढरे. काम चालू असताना तिचे केस पिकत गेले. मी भरतकाम शिकलेली आहे, त्यामुळे टाके बघायला वाकले होते. त्या पांढऱ्या केसांपाशी आल्यावर टाके बघायचं राहूनच गेलं. मार्गदर्शक मुलीला घाई असते, पुढचा गट दारात असतो. तरी इथे थांबाच. बाकी काही चुकलं तरी चालेल.

आता डोंगराचा पर्याय. ज्यांचं आखात आधी पाहून झालंय किंवा ज्यांना इतिहासाची ओढ आहे, त्यांनी वर जावं. आम्ही नंतरच्या एका खेपेला गेलो. कोतोरहून न्येगुशीला जाणारा जुना रस्ता 25 नागमोडी वळणं घेत चढतो. समोरून बस आली की एकाला मागे जावं लागतं. गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि गोळी घेऊन निघावं. प्रत्येक वळणावर तेच आखात, तेच जहाज, फक्त दर वेळी थोडं लहान. वरचं न्येगुशी हे गाव सुकवलेल्या डुकराच्या मांसासाठी, म्हणजे प्रशुतसाठी, प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही. इथलं चीज, मध आणि आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, प्रिगानित्से, एवढ्यावर पोट भरतं.

याच गावात 1813 साली पेतार दुसरा पेत्रोविच न्येगोश जन्मला. धर्मगुरू, राज्यकर्ता आणि कवी, तिन्ही एकात. उंची साडेसहा फुटांच्या आसपास. त्याची समाधी लोवचेनच्या येझेर्स्की शिखरावर, 1,657 मीटरवर आहे. गाडी जिथे थांबते तिथून 461 पायऱ्या. आत शिल्पकार इव्हान मेश्त्रोविचने घडवलेला त्याचा प्रचंड ग्रॅनाइटचा पुतळा आहे, वर सोनेरी मोझेकचं छत. भव्य आहे, यात शंकाच नाही. पण न्येगोशने स्वतः याच शिखरावर एक साधं छोटं चॅपेल बांधलं होतं आणि तिथेच आपल्याला पुरावं असं सांगून ठेवलं होतं. त्या जागी 1925 साली पुन्हा बांधलेलं चॅपेल पाडून 1974 साली ही समाधी पुरी झाली. हे कळल्यावर मला तिथल्या संगमरवरात मन रमवता आलं नाही. बाहेरच्या गोल कठड्यावरून मात्र स्वच्छ दिवशी अर्धा देश दिसतो.

त्सेतिन्ये ही जुनी राजधानी. 1878 च्या बर्लिन काँग्रेसनंतर, म्हणजे युरोपी सत्तांच्या परिषदेनंतर, या देशाला मान्यता मिळाली आणि मोठमोठ्या सत्तांनी या डोंगरातल्या गावात वकिलाती बांधल्या. त्या इमारती अजून उभ्या आहेत, कुणात शाळा, कुणात ग्रंथालय. शेवटचा राजा निकोला याच्या मुली युरोपच्या राजघराण्यांत दिल्या. एक इटलीची राणी झाली. त्याचा राजवाडा आता संग्रहालय आहे, आणि एखाद्या सुखवस्तू सरदाराच्या वाड्याहून मोठा नाही. शेजारीच न्येगोशची 1838 सालची गढी. तिचं नाव बिल्यार्दा, कारण तिथे त्याने बिलियर्डचं टेबल आणवलं होतं. गाडीरस्ता तेव्हा नव्हता. ते अवजड टेबल कोतोरहून खेचरांच्या पायवाटेने वर चढवलं. ती पायवाट कोतोरच्या तटामागे अजून दिसते, डोंगरावर उभी.

पायऱ्या आणि वळणं दोन्ही नको असतील तर 2023 पासून दुब गावाहून लोवचेनवर रोपवे आहे. अकरा मिनिटांत वर. आईसारख्यांसाठी हा उत्तम, मात्र समाधी तिथून बरीच पुढे आहे, हे धरून चाला.

बुद्वाला मी जाणार नाही. जुनं गाव चांगलं आहे, पण त्याला इमारतींनी चारी बाजूंनी आवळलंय आणि उन्हाळ्यात रस्ता तासन्‌तास तुंबतो. स्वेती स्तेफानचं बेट हॉटेलसाठी राखलेलं. रस्त्यावरून फोटो काढायचा आणि परत. आठ तासांतले तीन-चार त्यासाठी घालवणं मला पटत नाही. स्कादर सरोवर, जिथे पेलिकन आहेत, ते मुक्कामाने यायचं ठिकाण आहे.

कोतोर गाव सगळ्यात शेवटी ठेवलं कारण परतीच्या टेंडरचा धक्का त्याच्या 1555 सालच्या समुद्री दरवाजासमोरच आहे. आई घड्याळाच्या मनोऱ्यासमोर चौकात बसली, मांजरांच्या संगतीत. इथे मांजरं अमाप आणि सगळी लाडावलेली. 1166 चं सेंट त्रिफोन कॅथेड्रल सगळे पाहतात. त्याच्याहून जुनं नाही पण मला जास्त आवडलं ते 1195 चं छोटं सेंट लूक. आत दोन वेद्या आहेत, एक ऑर्थोडॉक्स, एक कॅथलिक. कधीकाळी दोन्ही पंथ याच छताखाली प्रार्थना करत. 1667 आणि 1979 चे भूकंप गावाने सोसले, त्यात हे टिकलं.

गावामागचा तट साडेचार किलोमीटर लांब, डोंगरावर चढत सॅन जोव्हानीच्या किल्ल्यापर्यंत गेलेला. 1,350 पायऱ्या, 260 मीटर चढ. गड चढायची सवय असलेल्याला अवघड नाही, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत. निम्म्या वाटेवर 1518 चं चर्च आहे, तिथपर्यंत गेलात तरी आखात पुरतं दिसतं. जुलै-ऑगस्टात जायचं असेल तर सकाळी सगळ्यांत आधी हे करा. डोंगर पूर्वेला असल्याने तोवर पायऱ्यांवर सावली असते. आम्ही सप्टेंबरअखेर होतो म्हणून दुपारचं ऊन चाललं.

एक गोष्ट मनापासून. एकाच वेळी दोन-तीन जहाजं लागली की या एवढ्याशा तटाआड हजारो माणसं शिरतात, जेवण-नाश्ता जहाजावर फुकट म्हणून एक कॉफीही न घेता फोटो काढून जातात. गावात कायम राहणारी माणसं कमी कमी होत चालली आहेत. दुकानं सुवेनिरांची होत आहेत. दुपारचं जेवण पेरास्त किंवा कोतोरमध्ये घ्या. होडी स्थानिक माणसाची घ्या. चलन युरो आहे, सुट्टे जवळ ठेवा.

आणि व्हिसा. मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, नाही. भारतीय पासपोर्टवर चालू शेंगेन व्हिसा असेल तर इथे उतरता येतं, पण पुढचं बंदर क्रोएशिया किंवा इटली असलं की तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा शिरता. तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा. बुकिंग करतानाच हे एजंटकडून लेखी विचारून घ्या. आणि शेवटच्या टेंडरच्या तासभर आधी धक्क्यावर या, तेव्हा रांग सगळ्यात मोठी असते.