मे महिन्यात ब्लॅक सोल्जर फ्लायची अंडी फुटेनात तेव्हा…

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोंबड्यांच्या खाद्यासाठी मी ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या अळ्या वाढवतो. एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत होतं. मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात सकाळच्या उन्हात माश्यांच्या जोड्या लागायच्या, माद्या लाकडी पट्ट्यांच्या फटीत अंडी घालायच्या. एका मादीची साधारण ५०० अंडी, चौथ्या दिवशी फुटायची. मे लागला, अंडी तेवढीच पडत होती, पण फुटेनात. लागोपाठ तीन खेपा वाया गेल्या.

मला वाटलं कोरडी पडतात, म्हणून चौथी खेप सरळ ओल्या कोंड्यावर ठेवली. दोन दिवसांत बुरशी! फार जीव तुटला.

मग एक पुंजका भिंगाखाली धरला. चांगलं अंडं टपोरं, फिकट पिवळं असतं आणि फुटायच्या आधी आतल्या अळीच्या डोळ्यांचे ठिपके दिसतात. ही सगळी चपटी होऊन आत बसली होती. आर्द्रता मोजायचं मीटर आणलं, तर दुपारी काटा १८ टक्क्यांवर. या अंड्यांना साठाच्या वर लागते.

माय बाजूलाच तूर निवडत होती. म्हणाली, “काऊन रे, उन्हाळ्यात खुडूक कोंबडी बसवली का टोपल्यातली रेती आपण वली करतो नाही? याईलेबी तसंच लागत असन.”

झाकणाचा डबा घेतला, तळाशी ओली रेती, रेतीवर विटेचा तुकडा आणि त्यावर अंड्यांची पट्टी. म्हणजे ओल हवेत राहते, अंड्याला पाणी लागत नाही. पहिल्या दिवशी झाकणाचे थेंब अंड्यांवर पडले, म्हणून झाकणाखाली सुती कापड ताणून बांधलं. डबा कूलरच्या खोलीत, तीसेक अंशाला. मुंग्यांसाठी स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. आणि पट्ट्या रोज बदलायच्या, हे फार महत्त्वाचं. नाहीतर आधी निघालेल्या अळ्या मोठ्या होतात आणि मागच्या लहान राहतात.

ठिपके दिसले की पट्टी जाळीवर, खाली भिजवलेला कोंडा. मुठीत दाबला तर एखादाच थेंब निघावा, इतकाच ओला.

चौथ्या दिवशी पहाटे टॉर्च मारला. कोंड्याचा वरचा थर हलत होता. दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या अळ्या, मोजता येऊ नयेत इतक्या. मायला उठवून दाखवलं. त्या दिवसापासून रेती तीच भिजवते.