स्कायलॅब, अफवा आणि अर्धवट कापलेलं एक कात्रण

गेले तीन आठवडे मी १९७९ च्या जून-जुलैत राहतेय असं म्हटलं तरी चालेल. स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळ स्थानक पृथ्वीवर पडणार म्हणून जगभर जी घबराट झाली होती तिच्यावर एक लेख लिहायचा डोक्यात आहे. नेटवर शोधलं की सगळीकडे तीच दहा वाक्यं फिरून फिरून येतात. १४ मे १९७३ ला सोडली, सुमारे ७७ टन वजन, अंतराळवीरांच्या तीन तुकड्या राहून आल्या, मग सूर्यावरच्या घडामोडी अपेक्षेपेक्षा वाढल्या, वातावरणाचा वरचा थर फुगला आणि स्टेशन खाली खाली यायला लागलं. तिला वर ढकलायला स्पेस शटल जाणार होतं पण ते उडालं थेट १९८१ ला. हे सगळं ठीक आहे हो, पण लोक तेव्हा सकाळी उठून पेपरात नेमकं काय वाचत होते? ते यात कुठंच नाही.

म्हणून लायब्ररीच्या संदर्भ विभागात जाऊन कात्रणांचा संग्रह मागितला. पहिल्या दिवशी हाती भोपळा, कारण मी ‘स्कायलॅब’ नावाचं पाकीट मागत होते आणि तसं पाकीटच नव्हतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, कापणाऱ्याला तेव्हा कुठं माहीत होतं तुम्ही काय शोधत येणार ते, त्यांनी कशात टाकलं असेल असा विचार करा." मग ‘अंतराळ – अमेरिका’ काढलं, त्यात सोडल्याच्या बातम्या निघाल्या. ‘अपघात’ मध्ये पडल्याच्या. आणि घबराटीचं खरं घबाड सापडलं ‘अफवा’ मध्ये!! म्हणजे ज्यांनी कुणी हे लावलं त्यांच्या लेखी लोकांची भीती हा अंतराळाचा विषयच नव्हता. ते पाकिटावरचं नाव मी पहिल्यांदा वहीत उतरवून घेतलं, कारण ती एक शब्दाची नोंद हाच माझ्या लेखाचा अर्धा मुद्दा आहे.

या कामात सर्च बॉक्सची सवय आडवी येते. सर्च आपण दिलेला शब्द शोधतो, बस. पाकिटात मात्र असं एक व्यंगचित्र निघालं ज्यात अक्षर म्हणून एकही नाही, फक्त छत्री घेऊन आभाळाकडे बघणारा माणूस. ते कुठल्याही सर्चला जन्मात सापडलं नसतं. शिवाय जुन्या छपाईचं स्कॅन करून त्यातली अक्षरं कॉम्प्युटरला ओळखायला लावली की जोडाक्षरांचं काय भजं होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

पण कात्रणाला एक मोठी खोड असते, ते कापलेलं असतं :) हे वाक्य वेडगळ वाटेल पण ऐका. एका कात्रणात ठळक मथळा होता, स्कायलॅबचा तुकडा माणसाला लागायची शक्यता १५२ ला १. वाचून मीच हादरले, १५२ ला १ म्हणजे आमच्या अख्ख्या शाळेतले चार-पाच जण गेलेच की! बातमी दोन कॉलममध्ये खाली येऊन "उर्वरित मजकूर पान ७ वर" म्हणून संपली आणि पान ७ पाकिटात नव्हतंच, कापणाऱ्यानं पहिलं पान कापलं आणि पुढचं राहून गेलं. मी आळस केला असता तर तोच आकडा तसाच लेखात ढकलला असता. पण तारीख हातात होती, मायक्रोफिल्म (जुन्या अंकांचे बारीक फोटो असलेली फिल्म) काढायला लावली आणि पान ७ वर सरळ लिहिलेलं, की ही शक्यता पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपैकी कुणातरी एकाला लागायची आहे, आणि तुम्हाला स्वतःला लागायची शक्यता ६०० अब्जात एक. घबराटीचं निम्मं उत्तर त्या एका घडीत होतं. मथळा सगळ्यांनी वाचला, पान ७ किती जणांनी उघडलं असेल? मीसुद्धा आधी कुठं उघडलं होतं!

तेव्हापासून मी कात्रणाला फक्त पत्ता समजते. तारीख, पेपर, पान मिळालं की मूळ अंक बघायचाच. बातमी पहिल्या पानावर वर होती का आतल्या पानात तळाशी, शेजारी काय छापलं होतं, हे कात्रीनं सगळं पुसून टाकलेलं असतं.

तारखेचं प्रकरण तर वेगळंच. काहींवर शिक्का, काहींवर पेन्सिलीनं, आणि काहींवर काहीच नाही. असं एक बिनतारखेचं कात्रण उलटं करून बघितलं तर मागे धावफलकाचा तुकडा, गार्नरच्या नावापुढे पाच विकेट आणि वर कापलं गेलेलं लॉर्ड्स. म्हणजे वर्ल्ड कपची फायनल, २३ जूनची! म्हणजे कात्रण २४ किंवा फार तर २५ जूनचं, स्कायलॅब पडायच्या दोन-अडीच आठवडे आधीचं. इतका आनंद झाला की शेजारच्या टेबलावरचे काका चष्म्यावरून बघायला लागले. तेव्हा मागची बाजू बघा, फोटो काढताना दोन्ही बाजूंचे काढा.

आणि दोन कात्रणांत तारीख जुळत नसली की लगेच कुणाला चूक ठरवू नका. पडली कधी, तर एकात ११ जुलै आणि दुसऱ्यात १२. दोन्ही बरोबर! अमेरिकेत तेव्हा ११ ची दुपार होती आणि ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या बाजूला जिथं तुकडे पडले तिथं मध्यरात्र उलटून १२ लागली होती.

कागद मात्र जपून हाताळा बुवा. न्यूजप्रिंट लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. घडी उलटी मोडू नका, पाकिटातला क्रम बदलू नका, पेन बॅगेतच ठेवा. एका पाकिटात कुणीतरी मायेनं सेलोटेप लावलेली, तिचा तपकिरी डाग बरोब्बर मधल्या कॉलमवर. असो.

मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न म्हणजे हे कापलं कुणी. अमेरिकेत टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वर्क हे समाजशास्त्रज्ञ १९०८ साली आले आणि त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आयुष्याबद्दलच्या बातम्यांची कात्रणं पद्धतशीर जमवली, त्यातूनच लिंचिंगची, म्हणजे जमावानं माणसाला ठार मारण्याच्या प्रकारांची, वर्षावर्षाची आकडेवारी उभी राहिली. तिथं कात्री कुणाच्या हातात होती आणि कशासाठी चालत होती ते आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे काय आलं असेल आणि काय सुटलं असेल याचा अंदाज तरी बांधता येतो. माझ्या पाकिटांवर तीन वेगवेगळी अक्षरं आहेत, एक तिरकं, एक टपोरं, एक घाईचं. तिरक्या अक्षराला घबराटीच्या बातम्या आवडायच्या, टपोऱ्याला फक्त सरकारी खुलासे. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या नोंदच नाही कुणाची.

काल निघता निघता ‘अफवा’ च्या पाकिटाच्या तळाशी एक चिठ्ठी मिळाली, तिरक्या अक्षरात, "तसेच पाहा : ज्योतिष". ते पाकीट सोमवारसाठी सांगून ठेवलंय.