सातव्या दिवसाची पेशी

उन्हाळ्यात रक्ताच्या नळ्या सकाळी आठपूर्वी प्रयोगशाळेत पोहोचाव्यात, असा माझा आग्रह असतो. ज्या रक्तातून मोनोसाइट, म्हणजे पुढे मॅक्रोफेज या भक्षक पेशी बनू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या ते बर्फात ठेवत नाहीत, खोलीच्या तापमानालाच ठेवावे लागते; आणि मे महिन्यातील वडोदऱ्यात दांडिया बाजारातून फतेगंजपर्यंत भर दुपारी ते तापमान सांभाळणे अवघडच.

पुढचे काम घनतेच्या आधारे चालते. मिलिलिटरला १.०७७ ग्रॅम घनतेच्या फिकॉल द्रावणावर रक्त अलगद सोडून नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तांबड्या पेशी तळाशी जातात आणि लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) व मोनोसाइट यांचा सायीसारखा धूसर थर मध्ये तरंगतो. यंत्र थांबताना ब्रेक बंद असावा लागतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी तो बंद करायला विसरले, धक्क्याने थर विस्कटला आणि एका दात्याचे ५० मिलिलिटर रक्त वाया गेले. या थरात मोनोसाइट थोडेच असतात. मात्र ते प्लास्टिकला चिकटतात आणि लिम्फोसाइट सहसा चिकटत नाहीत. म्हणून तास-दोन तास थाळीत ठेवून न चिकटलेल्या पेशी धुऊन काढणे, ही जुनी आणि स्वस्त पद्धत आम्ही अजून सोडलेली नाही.

त्यानंतर मोनोसाइटचे मॅक्रोफेज होण्यासाठी ३७ अंश सेल्सिअस, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि सात दिवस. माझी आई रोज संध्याकाळी विचारते, "वाढल्या का गं तुझ्या पेशी?" तिचा समज असा की त्यांची संख्या वाढत असावी. प्रत्यक्षात माणसाचे मोनोसाइट थाळीत सहसा विभाजित होत नाहीत. सातव्या दिवशी मोजल्या तर पेशी पहिल्या दिवसापेक्षा कमीच भरतात. वाढतो तो प्रत्येक पेशीचा आकार. गोल, लहान पेशी पसरट होते, तिच्या आत पोकळ्या व लायसोसोम (गिळलेले पचवणाऱ्या पिशव्या) वाढतात आणि कण गिळण्याची तिची क्षमता वाढते. वाढ-घटक, म्हणजे पेशीला जगवणारे व घडवणारे प्रथिन, दिला नाही तर बहुतेक मोनोसाइट काही दिवसांत स्वतःहून मरतात. मार्गारेट रीड लुईस यांनी १९२५ मध्ये उबवलेल्या रक्तात हे रूपांतर नोंदवले, तेव्हा या घटकांची नावेही ठाऊक नव्हती.

मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो याच घटकाचा प्रश्न. एम-सीएसएफ हा वाढ-घटक दिल्यास पेशी बहुधा लांबट, चातीसारख्या होतात. जीएम-सीएसएफ हा दुसरा घटक दिल्यास त्यांचा आकार हाफ-फ्रायसारखा, मध्ये फुगीर आणि कडेने पसरलेला दिसतो. दाता तोच, थाळी तीच, तरीही जीवाणूंच्या अंशाला दोन्हींचा प्रतिसाद वेगळा असतो. असे असताना अहवालात केवळ 'मॅक्रोफेज' एवढेच लिहून पुढे जाणारे विद्यार्थी पाहिले की मी वही परत देते. कोणता घटक, किती नॅनोग्रॅम, कोणाचे सीरम आणि कितवा दिवस, हे लिहिल्याविना त्या शब्दाला अर्थ उरत नाही. शिवाय शरीरातील कितीतरी मॅक्रोफेज, उदाहरणार्थ मेंदूतील मायक्रोग्लिया, मोनोसाइटपासून बनतच नाहीत. ते भ्रूणावस्थेतच तिथे येऊन वसतात. आमची थाळी दाह झालेल्या जागी रक्तातून धावून आलेल्या पेशींच्या जवळ जाते, आणि तेही साधारणपणेच.

पाण्यातील एंडोटॉक्सिनचे, म्हणजे जीवाणूंच्या आवरणातील विषारी अंशाचे, भय निराळे. त्याचा अत्यल्प अंशही या पेशींना आधीच सावध करतो, आणि मग प्रयोगातील औषधाचा परिणाम कोणता व पाण्याचा कोणता, हे सांगता येत नाही.

सातव्या दिवशी या पेशी थाळीतून सोडवणे हे वेगळेच कष्टाचे काम. इतर अनेक पेशी ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने सुटतात, या मात्र त्याला फारशी दाद देत नाहीत. थंड द्रावणात ईडीटीए (कॅल्शियम बांधून पेशींची पकड सैल करणारे रसायन) घालून, बर्फावर वाट पाहून आणि शेवटी रबरी खरवडणीने हलक्या हाताने ओढून घेतले, तरी रिकामी समजलेली थाळी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर काही जणी तिथेच पसरून बसलेल्या दिसतात.