तीन नंबरचा बावटा

होडीवाल्याने लांबूनच हात हलवला तेव्हा मी गाडीचा हँडब्रेकही ओढला नव्हता. मालवणच्या जेटीवर सकाळचे सव्वाआठ वाजले होते. "आज नाय रे, तीन नंबरचो बावटो लागलो हा." म्हणजे बंदरावर वाऱ्याच्या धोक्याचा इशारा लागलेला.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. गाडीत चिंचवडचं कुटुंब होतं. साहेब, ताई, नववीतली मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेली आजी. चार दिवसांचा दौरा त्यांनी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच बांधला होता. मुलाने शाळेत किल्ला केला होता, मातीचा, आणि त्याला खरा बघायचा होता. किल्ला समोर दिसत होता, पण मध्ये पाणी होतं आणि पाण्यावर वारा.

समुद्र किनाऱ्यावरून फार वाईट दिसत नव्हता. आमची पंचाईत हीच असते. घाटावरच्या माणसाला लाटा दिसतात, वारा दिसत नाही. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंद असतात हे लोक वाचून येतात, पण दिवाळीच्या सुट्टीत अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा येऊन बसेल हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. साहेब म्हणाले, "जास्त पैसे देतो, कुणी सोडतंय का विचारा ना." मी विचारलं नाही. जो होडीवाला अशा दिवशी हो म्हणेल त्याच्या होडीत मी माझी माणसं बसवणार नाही. भाडं बुडालं तरी चालेल.

त्यांना तिथून मोरयाच्या धोंड्याकडे नेलं. दांडीच्या किनाऱ्यावर हा खडक आहे, त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले. 25 नोव्हेंबर 1664 ला किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा शिवाजी महाराजांनी इथे केली. किल्ला बघणाऱ्या दहांतले नऊजण इथे येत नाहीत, कारण इथे तिकीट नाही, फलक बेताचाच आणि विकायला काही नाही. मुलगा खडकावर हात ठेवून किल्ल्याकडे बघत उभा राहिला. 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत हा एक, असं मी सांगितलं. त्याने विचारलं, "मग होडी का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता दिवसभर काय करायचं, म्हणून सगळे माझ्याकडे बघत होते. एक कबुली इथेच देतो. अशा वेळी ड्रायव्हरसाठी सगळ्यात सोपी वाट हायवेवरच्या मोठ्या दुकानाची असते. काजू, कोकम, आंबापोळी, मसाले, लाकडी खेळणी, सगळं एका छपराखाली, गाड्या लावायला ऐसपैस जागा, ड्रायव्हरला चहा-नाश्ता फुकट आणि निघताना बिलावर ठरलेलं कमिशन. सोळा वर्षं गाडी चालवतोय, मीही ते घेतलेलं आहे. त्या दिवशी घेतलं नाही, याचं कारण मोठेपणा नव्हे. मागून आजी म्हणाल्या, "दुकानं आमच्याकडे पण आहेत रे बाबा. बनवताना दाखव कुठे काही."

चौके, नेरूरपार करत कुडाळ गाठलं. वाटेत शेतांत कापलेलं भात आडवं पडून भिजत होतं. आजींनी दोनदा चक् चक् केलं. त्या मावळातल्या, त्यांना न सांगता कळलं.

पिंगुळीला आधी फोन केला होता, म्हणून तिथलं सुरळीत झालं. तिथल्या ठाकर कलाकारांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी, आणि त्यांचं संग्रहालय उभं राहिलं ते गुरांच्या गोठ्यात. चित्रकथी म्हणजे हातात एकेक चित्र धरून गाऊन सांगितलेली रामायण-महाभारताची गोष्ट, चित्रांच्या जुडग्याला ते पोथी म्हणतात. मुलगी फोन खिशात टाकून चामड्याच्या बाहुलीची सावली बघत बसली. पिंगुळीवर लिहायचं तर ते वेगळंच लिहावं लागेल.

फोन करायचा राहिला तो सावंतवाडीच्या खानावळीला. तिथे पाटी नाही. घराच्या पडवीत चार टेबलं, आणि वाढणाऱ्या काकी मला नावाने ओळखतात. त्यांनी मला दारातच झापलं.

"फोन करून कित्याक नाय इलंस? आणि मासे नायत हां, आदीच सांगतंय. वारो आसा, होडयो जावक नाय."

ताईंचा चेहरा उतरला. कोकणात येऊन मासे नाहीत? समोरच्या हॉटेलात तर सुरमई थाळीचा बोर्ड लागलेला होता. मी हळूच म्हटलं, होड्या दोन दिवस किनाऱ्याला आहेत, तर ती सुरमई बर्फातली असणार, तुम्हीच ठरवा. आजी तोवर पडवीत जाऊन बसल्याही होत्या.

अर्ध्या तासात पानं मांडली. उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सोलकढी. ताजी मासळी नसेल त्या दिवशी आमच्या घरी हेच असतं. साहेबांनी पिठी तीनदा मागून घेतली आणि प्रत्येक वेळी विचारलं, "याला काय म्हणालात?" काकींनी पैसे सांगितले तेही कमी, "आज मासे खंय होते?" म्हणून.

खरी गोष्ट त्यानंतरची. सावंतवाडीत लाकडी खेळणी म्हटलं की लोक चितारआळीत जातात, आणि जावंच. पण दुकानात मांडलेला सगळाच माल इथला असतो असं नाही, म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी कारखान्यात नेतो. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली, एक मोटारीवरचं लेथ आणि गुडघाभर लाकडाचा भुसा. तिथले आजोबा सत्तरीचे, बोलणं मोजून.

आजींनी फळांची परडी हातात घेतली. आंबा, सीताफळ, वांगं, मिरची, सगळं लाकडाचं. आजोबांनी ती हळूच काढून घेतली. "ह्यो नको. रंग सुकाक नाय, हाताक लागतलो. दमट हवा आसा. पायजे तर कुरियर करतंय." विकत घ्यायला आलेल्या माणसाच्या हातातून माल काढून घेणारा दुकानदार साहेबांनी बहुतेक पहिल्यांदाच बघितला असावा.

मुलाला भोवरा हवा होता. आजोबांनी लाकडाचा तुकडा लेथवर चढवला आणि पटाशी लावली. पांढरट सालपटं उडायला लागली, तुकड्याला कंबर आली, खाली निमुळतं टोक येऊ लागलं. आणि फट् करून लाईट गेली.

वाऱ्याच्या दिवसांत इथे लाईट जाणं म्हणजे बातमी नव्हे. कुठेतरी फांदी पडते, तारा तुटतात. दहा मिनिटं, वीस मिनिटं थांबलो. अर्धा भोवरा लेथवर तसाच, अर्धा लाकूड आणि अर्धा खेळणं. मुलाचा ओठ थरथरायला लागला. सकाळी किल्ला गेला, आता हे. मी म्हटलं, निघूया, वेंगुर्ल्याला उशीर होईल.

आजोबा उठले. कोपऱ्यातली पोती बाजूला सारून त्यांनी दोन ठोकळ्यांचं एक जुनं यंत्र ओढून काढलं. हाताचं लेथ. त्यांच्या वडलांचं. मी या खोलीत पन्नास वेळा तरी आलो असेन, मला ते तिथे आहे हे माहीत नव्हतं. तुकडा दोन टोकांमध्ये अडकवला, त्याला दोरीचे वेढे दिले आणि दोरीची दोन टोकं त्यांनी नववीतल्या मुलीच्या हातात दिली. "ह्यां ओढ, मगे ह्यां ओढ. घाई नको."

ती ओढायला लागली. तुकडा एकदा पुढे फिरायचा, एकदा मागे. आजोबा जमिनीवर बसून पटाशी फक्त पुढच्या फेरीला टेकवायचे आणि मागच्या फेरीला केसभर उचलायचे. टेकव, उचल. मुलीचा ताल चुकला की पटाशी हवेतच थांबायची. त्यांनी तिला एकदाही बोललं नाही, नुसतं थांबायचे. पाच मिनिटांत तिचा हात बसला आणि मग खोलीत आवाज एवढाच, दोरीचा सर्र आणि लाकडाचा खर्र.

मग लाखेची कांडी. मुलाला जांभळा रंग हवा होता. "जांभळी नाय," आजोबा म्हणाले. त्यांनी लाल कांडी फिरत्या लाकडावर दाबली. घासून लाकूड तापतं, लाख मऊ होऊन त्यावर चढते. ब्रश नाही, डबा नाही. मोटारीवर हे चटकन होतं, हाताच्या लेथवर मुलीला दमेपर्यंत ओढायला लागलं. लाल पट्ट्याला लागून निळी कांडी लावली, आणि जिथे दोघी भेटल्या तिथे एक बारीकशी रेघ उमटली. जांभळी नव्हे, जांभळीच्या जवळची. शेवटी केवड्याचं सुकं पान घडी घालून दाबून धरलं आणि रंगाला चकाकी आली. लोखंडी आर ठोकली. त्या धंद्यातला माणूस बघेल तर सांगेल की पट्टा एका बाजूला जाड झालाय. झाला होता. मुलीने ओढलेला होता ना.

साहेबांनी पाचशेची नोट पुढे केली. आजोबांनी भोवऱ्याचे ऐंशी घेतले आणि बाकी मोजून परत दिले. "ओढलां तिने. मी कित्याचे घेव?"

गाडीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मीही नाही. मला आठवत होतं की हेच भोवरे मी लोकांना हायवेवरच्या दुकानातून घेऊन दिलेत, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत, बारकोड लावलेले असतात.

वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या काजू कारखान्यात पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. निम्म्या बायका भात वाचवायला शेतात गेलेल्या. ज्या होत्या त्या वाफवलेली बी कटरवर फोडत होत्या, हाताला तेल चोपडून. टरफलातला चीक कातडी जाळतो, आणि बायकांची बोटं बघितली की काजू महाग का ते किलोच्या भावापेक्षा लवकर कळतं. चार किलो बी फोडली की एक किलोच्या आसपास गर मिळतो, आणि तोही सगळा अख्खा नाही. अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. 320 नंबर म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे दाणे. आकडा लहान तेवढा काजू मोठा, हे मी ताईंना सांगितलं, कारण दुकानदार बहुतेक उलटं समजू देतात. घरात खीर, भाजी, मसाला करायचा असेल तर पाकळी घ्या, चवीत फरक नाही आणि पैसे वाचतात.

मालकीणबाईंनी दोन ताटं पुढे ठेवली. "हे गावठी. हे वेंगुर्ला सातचे, आमच्या बागेतले. आणि ते तिकडचं पोतं आफ्रिकेच्या बीचं आहे, ते तुम्हाला देत नाही, ते हॉटेलवाल्यांचं." वेंगुर्ला चार, वेंगुर्ला सात या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्राने काढलेल्या. आफ्रिकेची बी आयात होते, ती वाईट असते असंही नाही. पण तिच्यावर 'कोकणचा काजू' असं छापून विकतात, ते वाईट. साहेबांनी दोन किलो पाकळी घेतली. मला चहा मिळाला, कमिशन नाही. देत नाहीत तिथे.

तारकर्लीला त्यांना हॉटेलवर सोडलं तेव्हा अंधार पडला होता. मुलगा आणि बहीण पोर्चमधल्या फरशीवर भोवरा फिरवत होते. जाड बाजूमुळे तो थोडा झुलत फिरायचा. आजी खुर्चीवर बसून मोजत होत्या, एक, दोन, तीन. सतरापर्यंत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. मला वाटलं जेटीवरून असेल. तर हायवेवरच्या दुकानाचा मॅनेजर.

"काल सीजनचो दिवस, आणि तुजी गाडी थांबाक नाय ती?"

"वारो होतो रे," मी म्हटलं.